सहा ते सात भोंगा बंद

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की माझा हात आपोआप टेबलाच्या खणाकडे जातो. असं का, ते पुढं येईलच. खात्यात पस्तीस वर्षं काढली. चोर, दरोडेखोर, खुनी सगळे समोर बसवले, आणि त्यांच्यापुढं कधी घाम फुटला नाही. घाम फुटला तो निवृत्तीला वर्ष राहिलं असताना, एका डिसेंबरच्या संध्याकाळी, माझ्याच चौकीत, माझ्याच खुर्चीवर.

चौकी शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या बाजूला. दोन खोल्या, एक जीप, चार माणसं. आजूबाजूला नजर जाईल तिथपर्यंत ऊस आणि उसात बिबट्या. तिकडचे लोक त्याला सरळ वाघच म्हणतात. दिवस मावळायला लागला की माणसं घुंगरं बांधलेली काठी घेऊन निघत. बायका जोडीनं आणि मुद्दाम मोठ्यानं बोलत जात. काही जण तर शेतात वाकून काम करताना गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालत. भीती होती, पण ती माणसाला जपणारी भीती होती.

मग वस्त्यांवर खोके आले. उंच लोखंडी खांब, त्यावर कॅमेरा, खाली भोंगा आणि मध्ये सिमकार्ड घातलेला खोका. कॅमेऱ्यानं बिबट्या ओळखला की भोंगा कोकलणार आणि लोक घरात पळणार. अकरा वस्त्यांवर असे अकरा खांब उभे राहिले. त्या सगळ्यांची नाडी दौंडच्या एका इंजिनिअरच्या हातात होती. रेल्वे कॉलनीजवळच्या आपल्या खोलीत बसून तो लॅपटॉपवरून खोके चालू-बंद करी, बिघाड काढी. खोक्याच्या पोटातला मूळ प्रोग्राम, ज्याला ते लोक फर्मवेअर म्हणतात, तोही तो तिथूनच बदली. खांबाला हात लावायचं काम नाही.

दोन महिन्यांत लोकांच्या अंगवळणी एक गोष्ट पडली. भोंगा वाजला की वाघ आला, आणि वाजला नाही म्हणजे वाघ नाही. घुंगरांच्या काठ्या कोपऱ्यात गेल्या. बायका एकेकट्या जायला लागल्या. मला स्वतःलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

एका संध्याकाळी सहाच्या सुमारास एका वस्तीवरच्या काकू गायींसाठी घास कापत असताना बिबट्यानं मागून झडप घातली. उजवा हात खांद्यापासून कोपरापर्यंत फाडला. मुलगा कुऱ्हाड घेऊन ओरडत धावला म्हणून जीव वाचला. खांब तिथून पन्नास पावलांवर होता. भोंगा वाजलाच नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंचे यजमान चौकीत आले. साठीचे गृहस्थ, सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांनी फिर्याद दिली की शेजारच्या आप्पानं खांबावरची वायर तोडली. "बांधाचं भांडान हाय आमचं, साहेब. त्येनंच डाव साधला," म्हणाले. बोलताना माझ्याकडं न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. बायको दवाखान्यात आहे, माणूस भानावर नाही, असं मी धरून चाललो.

पंचनाम्याला गेलो. वायर शाबूत, खोक्यावरचा हिरवा दिवा लागलेला. आबांच्या गोठ्यापाशी पंचांच्या सह्या घेत होतो तेव्हा त्यांची सून चहा घेऊन आली. सहज म्हणाली, "पहिल्यांदा ह्यो भोंगा वाजला की गायी बिथरायच्या, पान्हा चोरायच्या. आता महिना झालं, गुमान धार देत्यात." मी शेतकऱ्याच्या घरचा. धारेच्या वेळी आवाज झाला की गाय दूध वर ओढून धरते, हे मला कुणी शिकवायला नको. तरी ते वाक्य मी चहाबरोबर गिळलं आणि निघालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या गाडीवाल्यानं आमच्या हवालदारांना बाजूला घेऊन खबर दिली. पंधरा दिवसांपूर्वी आप्पाला त्यानं त्याच खांबावर चढलेलं पाहिलं होतं, हातात पाना होता. झालं! मला वाटलं, प्रकरण मिटलं. दुपारी तीन वाजता आप्पांना चौकशीसाठी बोलावून घेतलं आणि त्यांचा मोबाइल काढून माझ्या टेबलाच्या खणात ठेवला. माझी ती जुनी सवय. फोन हातात असला की माणूस धीर धरतो, नसला की बोलतो.

"खांबावर चढला होता का?"

आप्पा गप्प. पंचेचाळिशीचा धडधाकट माणूस, पण मान खाली.

"पाना कशाला नेला होता?"

चोरी करणारा सहसा खोटं बोलतो. गप्प बसणाऱ्याला बहुधा लाज वाटत असते. हे मी नव्या पोरांना शिकवत आलो होतो, आणि त्या दिवशी स्वतःच विसरलो.

पाचच्या पुढं आप्पांची चुळबुळ सुरू झाली. "साहेब, पोरगी शिरूरला कालिजात हाय. पावणेसहाच्या येस्टीनं फाट्यावर उतरती. तिला आनाया जायचंय. फाट्यापासून वस्तीपतूर उसातनं वाट हाय."

"आधी खरं बोला, मग जा."

"लगीच जाऊन येतो, साहेब. पाया पडतो."

मला तो बहाणा वाटला. हवालदार म्हणाले, "त्या वाटंवरचा खोका येगळा, त्यो चालू हाय, साहेब. सकाळीच वाजला हुता. वाघ असंल तर भोंगा कोकलंलच की." मलाही पटलं. खणातला मोबाइल वाजला. पुन्हा वाजला. चौकशीत व्यत्यय नको म्हणून मी खण उघडला, मोबाइल सायलेंटवर टाकला आणि खण बंद केला.

तेवढ्यात दौंडहून इंजिनिअर मोटारसायकलवर पोहोचला. तिशीतला सालस माणूस. वायर बाहेरून शाबूत असली तरी आप्पांनी आत काय केलं हे तोच सांगू शकेल, म्हणून मी त्याला बोलावलं होतं. त्यानं लॅपटॉप उघडला, आबांच्या वस्तीवरच्या खोक्याची त्या संध्याकाळची नोंद काढली आणि पडदा माझ्याकडं फिरवला. सहा वाजून आठ मिनिटांचा फोटो. उसातून बाहेर पडणारा बिबट्या, स्पष्ट. कोपऱ्यात पाठमोऱ्या वाकलेल्या काकू.

कॅमेऱ्यानं सगळं पाहिलं होतं, खोक्यानं बिबट्या ओळखलाही होता. आप्पांनी काही तोडलं नव्हतं.

"मग भोंगा का नाही वाजला?"

त्यानं खाली दुसरी ओळ दाखवली. "शांत वेळ लावलीय, साहेब. सहा ते सात. या वेळेत कॅमेरा बघतो, पण भोंगा वाजत नाही."

"कुणी लावली?"

"मीच. आबांचा फोन आला होता. म्हणाले, धारेच्या टायमाला भोंगा वाजला की गायी दूध देत नाहीत, तेवढा एक तास बंद ठेव. फार मागं लागले होते. महिना झाला त्याला."

महिना. सुनेचा चहा आठवला, आणि आबांची घड्याळावरची नजरही. मी कपाळावर हात मारून घेतला. आणि मग, का कोण जाणे, एक प्रश्न तोंडातून गेला, "बाकीच्या दहा खोक्यांना ही शांत वेळ नाही ना?"

"नाही, नाही. फक्त या एकाला," तो म्हणाला. "बाकीच्यांना आज दुपारी नुसतं नवीन फर्मवेअर चढवलं. मागच्या आठवड्यात आधी आबांच्याच खोक्यावर घालून बघितलं होतं, नीट चाललं, म्हणून त्याचीच कॉपी सगळ्यांना..."

तो थांबला. बोटं लॅपटॉपवर धावली. एक खोका उघडला, दुसरा उघडला, तिसरा.

"सेटिंगसकट गेलंय, साहेब. अकराच्या अकरा. आज सहा वाजता सगळे भोंगे बंद होणार."

घड्याळात सहाला पाच कमी होती. अकरा वस्त्या, अंधारून येणारी वेळ, आणि भोंगा वाजत नाही म्हणून निर्धास्त फिरणारी माणसं. कोपऱ्यात बसलेले आप्पा उठून उभे राहिले होते. त्यांनी माझ्या टेबलाच्या खणाकडे बोट केलं.

मी खण उघडला. पडद्यावर 'ताई' नावाचे सात कॉल पडलेले होते. त्यांची लेक. परत फोन लावला तर संपर्क होईना. उसात तशीही रेंज मरते.

"काढ ती शांत वेळ, आत्ताच्या आत्ता!" मी इंजिनिअरवर ओरडलो.

"काढतोय, साहेब. पण आदेश गेला की खोका बंद होऊन पुन्हा चालू होतो. रेंज कमी असली की वीस-वीस मिनिटं लागतात. तोवर त्याला दिसतही नाही."

हवालदारांना सांगितलं, सगळ्या पोलीस पाटलांना फोन लावा, देवळांतले लाउडस्पीकर चालू करा, माणसं घरात घ्या. आप्पांना जीपमध्ये घातलं आणि सायरन लावून निघालो. रस्त्याच्या कडेची माणसं सायरन ऐकून दारं लावून घेत होती.

वाटेत आप्पा समोर बघत बोलले. "म्या चढलो हुतो खांबावर. त्या कॅमेऱ्याचं त्वांड आमच्या न्हाणीवर यीत हुतं. घरात तरणी लेक हाय. जरा फिरवला, बास. हे कसं सांगू तुमाला चार मान्सांत?"

मी जीपचा वेग वाढवला.

फाट्यावर कुणीच नव्हतं. एसटी येऊन गेली होती. उसातल्या वाटेला जीप घातली. दोन्ही बाजूंनी ऊस अंगावर येत होता. त्या वाटेवर मी जो घाबरलो, तसा आयुष्यात कधी घाबरलो नाही. माझी स्वतःची मुलगी तिच्याच वयाची. दर वळणाला मला वाटे, आता वाटेवर दप्तर पडलेलं दिसेल.

मग आवाज आला. ठण्, ठण्, ठण्. लोखंडावर लोखंड.

वळण घेतलं आणि दिव्यांच्या उजेडात ती दिसली. भोंग्याच्या खांबाला पाठ लावून उभी होती आणि पाण्याची स्टीलची बाटली खांबावर आपटत होती. थांबत नव्हती. बाटली चेपून वाकडी झाली होती, तरी हात चालूच होता. वर खोक्यावरचा हिरवा दिवा शांत लुकलुकत होता. डाव्या बाजूला, दहा-बारा पावलांवर, उसाच्या कडेला दोन डोळे चमकले. सायरन चालूच होता. डोळे क्षणभर तसेच राहिले, मग ऊस हलला आणि ते दिसेनासे झाले.

आप्पांनी उडी टाकून तिला धरलं. तरी तिचा हात बाटली आपटतच होता. ती फक्त एवढंच म्हणत होती, "भोंगा वाजला नाही म्हणून मी निघाले, आप्पा. तुम्ही फोन उचलंना. भोंगा वाजला नाही म्हणून निघाले."

तिला जीपमध्ये बसवत होतो तेव्हा खांबावरचा दिवा विझला, पुन्हा लागला आणि कानठळ्या बसवत भोंगा कोकलायला लागला. दौंडच्या इंजिनिअरचा आदेश त्या खोक्यापर्यंत तेव्हा पोहोचला होता. आम्ही तिघंही दचकून खाली बसलो.

परतताना आप्पांनी एकच विचारलं, "साहेब, फोन वाजत हुता नव्हं?"

"वाजत होता," मी म्हणालो.

त्यांनी लेकीचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवून घेतलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाकीच्या वस्त्यांवर त्या संध्याकाळी कुणाला काही झालं नाही. त्याला मी नशीबच म्हणतो. चौकीत आल्यावर स्टेशन डायरीत आप्पांना बसवून ठेवल्याची वेळ लिहिली, पोरीचा फोन आल्याची आणि मी तो बंद केल्याचीही लिहिली. हवालदार म्हणाले, "कशाला, साहेब? कोन इचारतंय?" पण लिहिलं. वरिष्ठांनी त्याबद्दल जाब विचारला, तो मी दिला. वन खात्याला अहवाल पाठवला. इंजिनिअरनं आपली चूक जबाबात न लपवता सांगितली.

दुसऱ्या दिवशी आबांना दवाखान्याच्या आवारात गाठलं. मी काही विचारायच्या आधीच ते बोलले, "मला ठावं हुतं, साहेब. भोंगा वाजला न्हाई तवाच ठावं हुतं. पर म्या केलं, हे म्हनाया जीभच उचलंना. आन् आप्पाचं नाव आलं तोंडात." मग उपरण्यात तोंड घालून रडले. इतकी वर्षं मी गुन्हेगारांचे कबुलीजबाब घेतले, पण त्या म्हाताऱ्याचा जबाब लिहिताना माझं अक्षर वाकडं झालं. फिर्याद खोटी ठरली, आप्पांचं नाव त्यातून वगळलं. आप्पांनी आबांविरुद्ध काही लिहून द्यायला नकार दिला. "त्येंला काय कमी शिक्षा झालीया का?" म्हणाले.

आमच्या धंद्यात म्हणतात, कुत्रं भुंकलं नाही म्हणजे चोर घरचा असतो. मी एवढंच शिकलो की भुंकलं नाही म्हणजे कधी कधी त्याचं तोंड कुणीतरी बांधलेलं असतं, आणि बांधणारा वाईटच असतो असं नाही. गायीच्या धारेसाठी आबांनी भोंग्याचं तोंड बांधलं. चौकशीसाठी मी फोनचं बांधलं.

आता तिथं नवी रीत पडली आहे. रोज संध्याकाळी साडेपाचला सगळे भोंगे एकदा वाजवतात. ज्या वस्तीवर वाजला नाही, तिथली माणसं घुंगरांची काठी काढतात. शांत वेळ कुठल्याच खोक्यावर नाही.

मागच्या हिवाळ्यात त्या बाजूला गेलो होतो, आबांकडं चहा घेतला. सहाच्या सुमाराला भोंगा वाजला. सगळे आत आलो, गोठ्याचं दार लावून घेतलं. गायी जागच्या हलल्या नाहीत. सून म्हणाली, "पंधरा दिवसांत सवय झाली त्यांना. आता भोंगा वाजला की पान्हा सोडत्यात." काकू दारात खुर्चीवर बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर ठेवलेला. त्यांची बोटं आता मिटत नाहीत. त्यांच्या गायींची धार आता आबाच काढतात.