बंगल्यातली बाई रडली आन् गावाचा रोवना थांबला

मागच्या साली धानाच्या रोवन्यात आमचा बुढा, म्हंजे माया घरवाला, मेला. सकाळी चहा पेला, शिदोरी बांधून घेतली, फावडं खांद्यावर टाकून नहरावर पान्याच्या पाळीले गेला, आन् ऊन अंगनात यायच्या आंधी मेला! त्याले काहीच ठाऊक नोतं. आमालेच ठाऊक नोतं, मंग त्याले कोन सांगनार?

झालं असं. त्या साली पाऊस तोंड दाखवून पळाला. इटियाडोह धरनाचं पानी सुटलं म्हनून धान वाचला. पन नहराच्या पान्याची पाळी असते. आमच्या बांधीले, म्हंजे धानाच्या वाफ्याले, पानी त्या एकाच दिवसाचं, सांज झाली की पुढच्या शेतावाल्याचं. बुढ्यानं आदल्या दिवशीच पऱ्हे, म्हंजे धानाची रोपं, उपटून, जुड्या बांधून शेताच्या धुऱ्यावर ठेवले होते. उपटलेला पऱ्हा म्हंजे मांडवात उभी झालेली नवरी, तिले "उद्या ये" म्हनता येत नाही. आज रोवला त धान, उद्या ढोराचा चारा. आन् धान नाही त वर्सभर खाचं काय? म्हनून मी भागीरथाच्या मांगं लागून तिच्या टोळीतल्या बाया मिळवल्या. भागीरथा आमच्या गावातल्या रोवनाऱ्या बायांची मुकादम. रोवन्याच्या दिवसात आमदार भेटन, पन भागीरथा भेटत नाही!

मी लगन होऊन आली तवापासून रोवतच आली. पोटुशी होती तवा रोवला, पोट्टी धुऱ्यावर निजवून रोवला, ताप अंगात घेऊन रोवला. मायी माय मेली तवा रडाले वेळ भेटला नाही. सासू मेली तवा वेळ होता, पन रडू आलं नाही. म्हनून गाव मले 'दगडाची बाई' म्हंते. म्हनो बापडं. दगडाले काय, पानी आलं काय आन् गेलं काय.

त मायी पोरगी मंगला रोवन्यासाठी तिरोड्याहून, सासरून, आली होती. आली त सकाळीच माळ्यावर चढली आन् तिचा जुना कॉम्प्युटर खाली काढला. शिकत होती तवाचा. टीव्हीसारखा, मांगून पोट सुटलेला. पुसला, झटकला, वायरी खोसल्या.

"आई, पाहा त! चालू झाला!"

"झाला त झाला. बंद कर. बाया येऊन राहिल्या."

"पाचच मिंट वो. भुताच्या बंगल्याचा गेम हाय यात. आठवते?"

आठवनार नाही त काय! मंगला शाळेत होती तवा मायलेकी सांजच्याले त्याच बंगल्यात पडून राहत होतो. (भाजी करपली त बुढा म्हने, "भूत जेवलं काय?") एकेका खोलीत एकेक कोडं. सुटलं त दार उघडे. चुकलं त भिंतीतून पांढऱ्या कपड्यातली बाई निघे आन् रडे. आमी जेवनाच्या खोलीपर्यंत पोचलो आन् तठीच आमचं गाडं रुतलं. हा मोठा टेबल. भवताल सारे बसलेले: साहेब, साहेबाची बुढी माय, एक पाव्हना, एक पोट्टा, आन् शेवटी तेच रडकी बाई. पयले कोनाले वाढाचं, एवढंच सांगाचं. बस!

मी म्हनलं, चला, एवढ्या वर्सात आपल्याले अक्कल आली असन.

"पाव्हन्याले वाढ," मी सांगतलं. "पाव्हना पयले."

मंगलानं बटन दाबलं. बाई निघाली आन् रडली! आन् रडली म्हंजे काय! ते स्पीकर जावयानं आनले होते, मंडईच्या जत्रेत दंडारीच्या खेळाले लावतात तसे, पोत्याएवढे. आवाज कमी कराचा कान त कवाचाच तुटून गेला होता. छपरावरचं मांजर उडी मारून पळालं.

"मंग साहेबाले वाढ. घरधनी हाय."

बाई रडली.

"बुढीले वाढ मंग. सासूले उपाशी ठेवशीन त सून रडनारच!"

बाई आनखी रडली, आता ऊर बडवून.

"पोट्ट्याले!"

"आई, तू सांगतं तसतशी ते जास्तच रडून राहिली वो!"

"पन कायले रडते? दुखनं त सांग तिचं."

"तिचा नवरा मेला."

"तो काय, बसला हाय ना टेबलावर!"

"टेबलावर बसलेले सारेच मेले हायेत आई. भुताचा बंगला हाय!"

मेल्या मानसाइले पयले काय आन् मांगून काय! पन त्या बाईचं मले वाईट वाटलं. नवरा गेल्यावर एवढी कोनी भिंतीत घुसून रडते काय? मी खुर्चीच्या जवळ सरकली आन् स्पीकरच्या वर आवाज काढून तिले समजावलं:

"अवो माय, उगी! गेला तो गेला! आता रडून काय तो वापस येते? घट्ट हो बाई! आज रोवना हाय, तो त थांबत नाही!"

नेमकी त्याच घडीले भागीरथा आपल्या बाया घेऊन कुंपनाजवळ पोचली होती.

तिनं काय ऐकलं? आंधी पोरीचं रडनं. मंग मायं बोलनं. ते जाग्यावर थांबली आन् बायांइले म्हने, "गेला वो काका! पोरगी रडून राहिली, आन् हे दगडाची बाई पाहा! नवरा घरात पडला हाय आन् रोवन्याचं बोलून राहिली!"

आमच्या गावात मयत झाली की बांधीत कोनी पाय टाकत नाही. मयत उठन, लोक आंग धुतीन, मंग काम. चिखलात उतरलेली बाईही तशीच बाहेर निघते. त भागीरथानं एक पोरगी या धुऱ्यानं पळवली, एक त्या धुऱ्यानं. साऱ्या शिवाराचा रोवना थांबला! मानसं तिरडीसाठी बांस कापाले गेली. कोनी गोवऱ्या घेतल्या. आन् बाया गळा काढून आमच्या अंगनात शिरल्या.

आमी मायलेकी आतच होतो. मी म्हनलं, "मंगे, आता त कोनाले वाढलंही नाही, तरी रडून राहिल्या! किती बाया हायेत वो या बंगल्यात?"

"आई, मी बटनाले हातच लावला नाही."

वळून पाहतो त काय! अंगन भरलं, ओटा भरला, आन् भागीरथा मायाच गळ्यात!

"काकू वो! कसं झालं वो!"

मले वाटलं गावात कोनी गेलं. मीही पदर डोळ्याले लावला. (मले रडू येत नाही, पन रीत समजते.)

"कोन गेलं वो भागीरथे?"

"कोन गेलं म्हंते! पानी आना वो, काकूचं डोकं सरकलं!"

शेजारची शांताबाई सुस्कारे टाकत मायाजवळ बसली. "देवमानूस होता वो," म्हने. "कोनाले कवा वाकडं बोलला नाही. बायकोले फुलासारखं ठेवलं."

मी इचारात पडली. असा मानूस आपल्या गावात होता आन् मले ठाऊक नाही?

मंग शांताबाईनं हळूच माया हात धरला आन् बांगड्या सरकवाले लागली.

"शांते, हात सोड! नव्या हायेत!"

"आता कायच्या नव्या वो काकू... काकाले कुठं निजवलं?"

"निजते कायले तो? नहरावर पानी धरून राहिला!"

साऱ्या बायांनी तोंडावरचे पदर काढले. बंगल्यातली बाई तेवढी एकटी हुंदके देऊन राहिली.

तेवढ्यात रस्त्यानं आमचा बुढा आला. पळत! नहरावर कोनीतरी त्याले सांगतलं होतं, "तुया घरी मयत झाली." त्यानं हिशेब केला. आपन त अठी उभे हाओत, पोरगी जवान हाय, मंग मेली कोन? बुढीच मेली असन! कमरेपर्यंत चिखल, एक चप्पल नाही, आन् लेकरासारखा मोठ्यानं रडत, "मायी बुढी गेली होऽऽ!"

मेलेला मानूस रडत येऊन राहिला म्हटल्यावर बायांनी जो आवाज काढला, त्याच्यापुढं आमचा स्पीकर म्हंजे कायच नाही! शांताबाई तुळशीच्या मांगं दडली. (शांताबाई केवढी, तुळस केवढी!)

बुढा मायासमोर येऊन थांबला. मले वरून खालपर्यंत पाहिलं. दुपट्ट्यानं नाक पुसलं.

"जित्ती हाय?"

"हाव."

"मंग बाया अठी काऊन बसून हायेत? पानी चालून राहिलं ना बांधीत!"

मंगलानं हात जोडून साऱ्याइले खरं सांगतलं. भागीरथाचा इश्वास बसेना. "दाखव मले ते बाई," म्हने. झालं! सारी टोळी कॉम्प्युटरवर तुटून पडली. "कुठं हाय? कुठं हाय? अवो, मले पाहू द्या!" त्या रेटारेटीत कोनाचा तरी कोपर मंगलाच्या हाताले लागला, बटन दबलं, आन् ताट गेलं सरळ त्या रडक्या बाईच्याच पुढं!

बाई रडायची थांबली. हसली. दार उघडलं.

"पयले घरच्या बाईले?" मी म्हनलं. "हे कोनत्या गावची रीत बाप्पा!"

तिकून मानसं हिरवा बांस खांद्यावर घेऊन आली. बुढ्याले दारात उभा पाहून त्याइचे तोंडं उतरले. एक म्हने, "काका, आता या बांसाचं काय कराचं?"

"वालाचा वेल चढवाचा हाय, तठी ठेव," बुढा म्हने. "आन् चला बांधीत!"

पन भागीरथा जाग्यावरून हालेना. "असं कसं चला? मयतीचं रडनं रडलो आमी. आंग धुतल्याबिगर पऱ्ह्याले हात लावत नाही."

"घरी जाऊन आंग धुसान त दुपार होईन! पऱ्हे वाळून जातीन!" बुढा म्हने.

"मंग वाळू द्या. रीत म्हंजे रीत. काऊन मेले तुमी?"

बुढा मायाकडं पाहे, मी जमिनीकडं पाहू. वर्साचं धान धुऱ्यावर सुकून राहिलं होतं, आन् म्या काय केलं? त भुताले समजावलं!

मंग म्याच तोंड उघडलं. "भागीरथे, आंगच धुवाचं ना? नहर वाहून राहिला. तठी बुडी मारा आन् ओल्याच बांधीत उतरा. चिखलात ओलं काय आन् कोरडं काय?"

भागीरथानं इचार केला. "चालते," म्हने. "पन पयली बुडी तुमी माराची. इधवा तुमीच झाल्या होत्या."

मारली बाप्पा! या उमरीत, लुगड्यासकट, साऱ्या गावासमोर! थंडीनं दात वाजून राहिले आन् बाया धुऱ्यावर पोट धरून हासून राहिल्या. मंग साऱ्या उतरल्या. दुसऱ्याच्या बांधीतून निघालेल्या बायाही पयले आमच्याच बांधीत आल्या, नहर तठीच होता म्हनून. बदल्यात मले साऱ्याइच्या बांधीत जाऊन रोवा लागन, हे भागीरथानं तठीच ठरवलं. सांजच्याले पानी पुढच्या शेतावाल्याकडं वळलं, तवा आमची शेवटची बांधी हिरवी झाली होती.

बाया गेल्या. बुढा आन् मी धुऱ्यावर पाय धुऊन राहिलो. मी इचारलं, "सकाळी मायासाठी रडले काय हो?"

बुढ्यानं फावडं धुऊन खांद्यावर टाकलं. मंग म्हने, "तू खरंच मेली असती त आज रोवना झाला नसता."

एवढ्या वर्साच्या संसारात हे एवढंच गोड बोलनं मले भेटलं! मीही म्हनलं, "म्हनून त मेली नाही."

तवापासून मी ठरवून ठेवलं हाय. मरीन त रोवना सोडून. पन रोवन्यावर निंदन येते, मंग कापनी, मंग चुरना-मळनी, आन् तेवढ्यात उन्हाळी धानाचं पानी सुटते. चार डाव इचार करून पाहिला बाप्पा, मले काही मराले सवड दिसत नाही!