खांद्याच्या वरचा रॅक

मेडिकल दुकानात बारा वर्षं उभं राहिलं की औषधांपेक्षा किस्सेच जास्त साठतात, आणि त्यांना एक्स्पायरी डेटही नसते! ताडकळसच्या बाजारपेठेत आमचं दुकान. मालक कधीतरीच येतात, एरवी मी आणि शफीभाई. दुपारी गिऱ्हाईक नसलं की शफीभाई स्टुलावर बसतात आणि म्हणतात, "हां दत्ताभाऊ, आज कोणता सांगायलात?"

माझे निम्मे किस्से माझ्याच खांद्यांचे. ऐकणारे हसतात. मी मात्र त्यातल्या प्रत्येकात घाबरलेलोच आहे.

माझे हात खांद्याच्या वर जात नाहीत. जन्मापासून. म्हणून आमच्या दुकानात वरच्या रॅकवर फक्त रिकामी खोकी असतात.

*

एकदा शफीभाई सुट्टीवर होते. मालकांचा भाचा आला आणि त्याने हौसेने सगळं दुकान 'नीट' लावून दिलं. दम्याचे पंप थेट वरच्या रॅकवर!

भाचा गेला आणि तासाभरात एक आजोबा आले. हातात रिकामा पंप, तोंडातून शब्द फुटेना, नुसती धाप. स्टूल शोधलं, तर भाच्याने स्टूलही माळ्यावर टाकलेलं! शेवटी झाडू घेतला आणि खालून ढोसलं. अख्खी रांग माझ्या डोक्यावर आली.

आजोबांनी दोनदा पंप ओढला. पाच मिनिटांनी त्यांना बोलता यायला लागलं. सगळीकडे पडलेली खोकी बघून म्हणाले, "लेकरा, नुसता हात वर केला असतास तर येवढा पसारा झाला नसता की!"

*

लहानपणी आई मला परभणीला एका मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी शर्ट काढायला लावला, पाठीवरून बोटं फिरवली आणि म्हणाले, "खांद्याचे आणि पाठीच्या वरच्या भागाचे स्नायू जन्मतःच नीट वाढलेले नाहीत. फार दुर्मिळ! मी स्वतः पहिल्यांदाच बघतोय."

मग त्यांनी शिकाऊ डॉक्टरांना बोलावलं. दहा-बारा जण माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले. मला एकाचंही तोंड दिसत नव्हतं, फक्त "बापरे" ऐकू येत होतं. मी आईचा पदर घट्ट धरला.

आईने हळूच विचारलं, "डॉक्टरसाहेब, लेकराच्या जिवाला धोका हाय का?"

"छे! अजिबात नाही!"

"मग येवढी माणसं कामून बलावली?"

*

सलूनचा किस्सा तर छोटाच आहे. गावात नवीन सलून निघालं, कटिंगवर मालिश फुकट. कटिंग झाली. पोऱ्याने जोरात हात चोळले, दोन्ही अंगठे माझ्या पाठीवर रोवले आणि एकदम थांबला. आरशात त्याचं तोंड पांढरंफटक! आता हा ओरडतो की काय, म्हणून मीही टरकलो.

"भाऊ," तो म्हणाला, "मी काय केलं न्हाई हां! हे आधीपासूनच असं हाय ना?"

*

लग्नाआधी मी मंगलला सगळं सांगितलं होतं. पण तिच्या भावांना कुणी सांगितलं नव्हतं! हार घालायची वेळ आली आणि त्यांनी हौसेने तिला वर उचललं. मी हार छातीशी धरून उभा. सगळा मांडव ओरडतोय, "घाल, घाल!" माझ्या कपाळावरून घाम गळायला लागला. वाटलं, आज सगळ्यांसमोर इज्जत जाणार आपली.

मंगलने वरून माझ्याकडे बघितलं आणि भावांना म्हणाली, "खाली ठेवा, न्हाईतर मी इथूनच उडी मारते!"

खाली उतरली आणि तिने मान पार माझ्या छातीपर्यंत झुकवली. व्हिडिओत तिच्या मावशीचा आवाज स्पष्ट येतो, "बगा, आजकाल अशा संस्काराच्या पोरी ऱ्हायल्या न्हाईत!"

*

मंगलला दिवस गेले आणि मला खरी भीती काय असते ते कळलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बहुतेक वेळा हे बाळात येत नाही. पण सोनोग्राफीत कळायचं नाही, आणि तशी खात्री मी लिहूनही देणार नाही." माझ्या खांद्यांचं मी निभावून नेलं होतं. लेकराच्याही नशिबी तेच आलं असतं, तर मला सहन झालं नसतं.

मुलगी झाली. ओवी. तिला न्हाऊ घालायला कोंडामावशी यायची. पायांवर पालथी घालून तेल चोळायची, मग उताणी करून दोन्ही हात छातीवर घडी घालायची आणि पार कानांच्या वर न्यायची. हात छान वर जायचे. पण ते कोंडामावशी न्यायची.

महिनाभर मी दाराआडून बघत राहिलो. एक दिवस धीर करून विचारलं, "मावशी, खांदे कसे हायत गं हिचे?"

"बेस हायत!"

जीव भांड्यात पडला. मग आठवलं, मलाही हिनेच न्हाऊ घातलं होतं. विचारलं, "माझ्या येळंला आईला काय सांगितलं होतंस?"

तिने हातावर तेल घेतलं. "हेच की. बेस हायत!"

*

ओवी दहा महिन्यांची झाली, पण तिने हात वर केलेले मी बघितले नव्हते. डोक्यावर खुळखुळा धरला की ती त्याच्याकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची आणि तो खाली यायची वाट बघत बसायची. मंगल म्हणायची, "पोरगी शांत हाय." मी पुन्हा खुळखुळा धरायचो. वर्षाची झाली की परभणीला दाखवायचं ठरलं होतं. खांदे ऐनवेळी दगा देतील म्हणून तिला उचलायची माझी हिंमत नव्हती. मंगल मांडीवर आणून द्यायची, तेवढंच.

मागच्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी मंगल तिला घेऊन दुकानात आली. काउंटरच्या आत पोत्यावर तिला बसवलं आणि भाजी आणायला गेली. गर्दी बरीच होती. मी गोळ्यांची पाकिटं कापत होतो. तेवढ्यात पँट ओढल्यासारखी वाटली.

खाली बघितलं. ओवी खोक्यांमधून रांगत माझ्या पायापाशी आली होती. पँट सोडली, नीट बसली, माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात वर केले.

सरळ. कानांच्या वर!

"शफीभाई! बघा! बघा हिचे हात!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की सगळी गिऱ्हाईकं काउंटरवरून आत वाकली. शफीभाई म्हणाले, "या अल्लाह!" आणि डोळे पुसायला लागले. मीही रडत होतो. ओवीचे हात अजून वरच होते. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला.

मंगल दारात उभी होती, दोन्ही हातांत पिशव्या.

"आवो, नुसतं बगत काय ऱ्हायलात?" ती म्हणाली. "घ्या म्हणायलीय ती तुमाला!"