ज्यांचा पत्ता बदलला नाही

हमीदाबाई मणियार यांच्या सत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लिहावं, असा निरोप आला तेव्हा त्यासोबत दोन सूचना होत्या. लेख वेळेत द्यावा आणि सर्वत्र आदरार्थी बहुवचन वापरावं. पहिली सूचना मला पाळता आली नाही. दुसरी पाळते आहे, पण पन्नास वर्षं जिला 'हमीदे' अशी हाक मारली, तिला 'त्या' म्हणताना मी कुणा दुसऱ्याच बाईंबद्दल लिहिते आहे असं वाटतं. कुठे चुकून एकवचन आलं तर वाचकांनी ते जुन्या सवयीवर ढकलावं.

आमची पहिली भेट पुण्यात, नन्सनी चालवलेल्या मुलींच्या कॉलेजच्या वसतिगृहात झाली. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी साताऱ्याहून आले होते, हमीदाबाई मुळशीतल्या पौडहून. त्यांच्या वडिलांचं तिथल्या बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान होतं. मी खाटेवर चादर अंथरत असताना एक सडपातळ मुलगी डोक्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "ही हितं ठिवू का? तुजी काय अडचण न्हाई नव्हं?"

मी तेव्हाही शिस्तीची, खरं तर शिष्ट होते. "हितं नाही, इथं. ठिवू नाही, ठेवू," मी म्हणाले. त्यांनी शांतपणे ट्रंक खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "पर तुला कळलं का न्हाई?"

"कळलं."

"मग झालं की."

त्या ट्रंकेत दोन साड्या, पुस्तकं, आंबेमोहोर तांदळाची पुरचुंडी आणि सुया, दोरे, हुक, बटणं यांचा एक डबा होता. महिन्याभरात आमच्या मजल्यावरच्या निम्म्या मुलींच्या पोलक्यांना त्या डब्यातले हुक लागले होते. हुक लावताना हमीदाबाई गप्पा मारायच्या, आणि ज्या मुली घरच्या आठवणीने उशीत तोंड खुपसून रडायच्या त्या हुक निघालेला नसतानाही पोलकं घेऊन त्यांच्याकडे यायच्या. मीही दोनदा गेले आहे.

आमच्या वॉर्डन सिस्टर क्लारा वसईकडच्या. मराठी उत्तम, आवाज बारीक, आणि रागावल्या की आणखी बारीक. नाताळात वसतिगृहाच्या दिवाणखान्यात येशूजन्माचा गोठा मांडायचा असे. पहिल्या वर्षी सिस्टर म्हणाल्या की कडबा नको, गोठ्यात मऊ पेंढा हवा. हमीदाबाई सुट्टीत गावी गेल्या होत्या. परत येताना त्यांनी पौडजवळच्या रिहे गावातल्या मावशीकडून भाताच्या पेंढ्याचा मोठा भारा आणला, तोही एसटीच्या टपावर घालून. कंडक्टर अडून बसला. "ही काय जनावरांची गाडी हाय व्हय?" हमीदाबाई म्हणाल्या, "जनावरांना न्हाई. येशूच्या बाळाला हाय. टाका वर." हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं तेव्हा सिस्टर क्लारा पाठमोऱ्या होऊन हसत होत्या. त्या वर्षीच्या गोठ्याला मुळशीच्या भाताचा वास होता. पुढे मी खूप ठिकाणचे गोठे पाहिले, तसा वास कुठे आला नाही.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र हमीदाबाई आल्या नाहीत. त्यांच्या अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला होता. घरात हाताशी येईल असं दुसरं कुणी नव्हतं. दुकानाच्या गादीवर एकोणीस वर्षांच्या हमीदाबाई बसल्या. वसतिगृहाच्या पत्त्यावर एक कार्ड आलं. ते मी अजूनही तोंडपाठ म्हणू शकते. "मी आता यायची नाही. माझी खाट गरजूला द्या. हुकांचा डबा तिथेच राहू दे. तुमची लग्नं झाली की नवं नाव नि नवा पत्ता कळवत जा. माझा पत्ता बदलायचा नाही."

आम्ही सगळ्या मिळून रडलो आणि मग, वय तसं होतं म्हणा, परीक्षेला लागलो.

त्या कार्डाचं मोल आम्हाला पुढे कळलं. आमच्या पिढीतल्या मुली लग्न झालं की नकाशावरून पुसल्या जायच्या. आडनाव जायचं, गाव जायचं, आणि कित्येकींचं तर तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहून पाळण्यातलं नावही घेतलं जायचं. आमची विजया सोलापुरात शुभांगी झाली. आमची रेखा नागपूरला जाऊन मंदाकिनी झाली. एकमेकींना शोधायचं तर कुठे? पण पौडचं दुकान जिथल्या तिथे होतं. हमीदाबाईंचं लग्न झालं तेही दोन गल्ल्या पलीकडच्या उस्मानभाईंशी, आणि उस्मानभाईच दुकानाच्या माडीवर राहायला आले. त्यामुळे आम्ही सगळ्या पत्रं पौडला टाकायचो. हमीदाबाई प्रत्येकीची पत्रं बांगड्यांच्या रिकाम्या खोक्यात ठेवायच्या. एकीला एक खोकं, झाकणावर माहेरचं नाव. एकीची खबर दुसरीला कळवायची असली की त्यांचं कार्ड निघायचं. मजकूर दोन ओळींचा, त्यात प्रेमाचा एक शब्द नसायचा. "रेखाला दुसरी मुलगी झाली. सासरचे नाराज आहेत. तू लिही."

या कामाची ताकद काय होती ते मला माझ्यावर वेळ आली तेव्हा समजलं. मी तेव्हा कराडला सासरी होते. माझं पहिलं मूल जन्मतःच गेलं. घरातली माणसं वाईट नव्हती, पण त्या विषयावर बोलायचं नाही असं सगळ्यांनी जणू ठरवूनच टाकलं होतं. मी पौडला चार ओळी लिहिल्या. पुढच्या आठवड्यापासून मला रोज एक पत्र यायला लागलं. आज सोलापूरहून, उद्या नागपूरहून, परवा मिरजेहून. कुणी स्वयंपाकाचं लिहायचं, कुणी सिस्टर क्लाराच्या नकला, कुणी नुसतंच "आज तुझी आठवण आली" एवढं. दीड महिना एकही दिवस रिकामा गेला नाही, टपालाला सुट्टी असलेले दिवस सोडले तर. पोस्टमन एकदा सासूबाईंना म्हणाला, "सूनबाईंची कुठली परीक्षा-बिरीक्षा चाललीय का?" हमीदाबाईंनी सगळ्यांना वार वाटून दिले होते, हे मला फार वर्षांनी कळलं. मी त्या पत्रांवर जगले. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही.

आणि याच हमीदाबाईंना मी वगळलं.

नव्वदचं दशक सुरू होताना आम्ही पुण्यात राहायला आलो. मी एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करू लागले होते. त्या सुमाराला कॉलेजच्या माजी विद्यार्थिनींचा संघ निघाला आणि आमच्या तुकडीची यादी करायचं काम हौसेने मी घेतलं. पत्ते कुठून आणणार? मी एसटीने पौडला गेले, दोन दिवस हमीदाबाईंच्या घरी राहिले, त्यांच्या हातची तांदळाची भाकरी खाल्ली आणि एकेक खोकं उघडून सगळे पत्ते उतरवून घेतले. त्या शेजारी बसून सांगत होत्या, "ह्यो जुना हाय. आता ती मिरजला असती. ह्यो लिव्ह." परत आल्यावर मी संघाच्या नियमांचा कागद समोर ठेवून यादी साफ केली. सदस्य म्हणजे पदवीधर, असा नियम होता. तो समितीत बसून मीच लिहून काढला होता. यादीत हमीदाबाईंचं नाव आलं नाही. मी ते मुद्दाम काढलं असतं तर निदान विचार तरी केला असता. मला ते सुचलंच नाही. कागदावर नियम असला की माझं डोकं तेवढ्याच रुळावरून चालतं, हा माझा जुना दोष आहे.

मेळाव्याच्या दिवशी दिवाणखाना भरला. जी येईल ती दारातच विचारायची, "हमीदा कुठंय?" विजया सोलापूरहून केवळ त्यांना भेटायला म्हणून आली होती. सिस्टर क्लारा आता वृद्ध झाल्या होत्या, खुर्चीवर बसून होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"सुनंदा, सगळ्यांचे पत्ते कुठून मिळवलेस?"

"पौडहून, सिस्टर."

"मग पौड कुठे आहे?"

मी म्हणाले, "ती पदवीधर नाही." आजूबाजूच्या बायका वळून माझ्याकडे पाहू लागल्या, आणि मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की मी काय करून बसले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पौडला पोचले. हमीदाबाई रिह्याच्या एका बाईच्या हातात बांगड्या भरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"हात सैल सोड, बाई," त्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या.

"हमीदा, माझं चुकलं," मी म्हणाले.

त्यांनी बांगड्या भरून पूर्ण केल्या. ती बाई गेल्यावर मग बोलल्या. "चार जणींनी कार्डं टाकून कळविलं, मेळावा हाय, तू येशीलच. काल बाजाराचा दिस, तरी दुकान बंद ठिवलं. सकाळधरनं नवी साडी नेसून बसले हुते. उस्मान म्हनला, टपालाला उशीर झाला आसंल, जा तशीच. मी म्हनलं, बोलावल्याबिगर कशी जाऊ?"

"अगं, नियमात..."

"नियम तुजा हाय. दुकान माजं हाय." त्या उठल्या, फळीवरून एक खोकं काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. झाकणावर माझं नाव होतं. "ही तुजी पत्रं. घिऊन जा. माज्या यादीत बी तू न्हाईस आता."

पौड ते पुणे मी ते खोकं मांडीवर घेऊन आले. घरी येऊन उघडलं. वसतिगृहातल्या सुट्टीपासूनची माझी सगळी पत्रं होती आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, "उत्तर दिलं."

संघाच्या पुढच्या सभेत मी नियम बदलायचा ठराव मांडला. एक सत्रसुद्धा शिकलेली मुलगी आमचीच, असा. तो एकमताने मंजूर झाला. सदस्यत्वाचा अर्ज पौडला पाठवला. उत्तर नाही. बाकीच्यांना त्यांची कार्डं पूर्वीसारखी जात होती, फक्त मला नाही. मी दर आठवड्याला लिहीत राहिले. माफी दोनदा मागितली, नंतर ती मागणं थांबवून साधं घरचं लिहू लागले: मुलाला गोवर आली, नळाला पाणी नाही, शाळेत नवे मुख्याध्यापक आले. दोन वर्षं गेली. टपाल यायच्या वेळेला मी शाळेतून घरी फोन करून सासूबाईंना विचारायचे. त्यासुद्धा कंटाळल्या.

मग एक कार्ड आलं. "रेखाची मुलगी बारावी झाली. आपल्याच कॉलेजात घालायची म्हणते. गुरुवारी सकाळी नागपूरच्या गाडीने उतरेल. तू स्टेशनवर जा. निळी बॅग आहे. हमीदा."

त्यात क्षमेचा शब्द नव्हता, मला उद्देशून 'प्रिय' नव्हतं, चौकशी नव्हती. काम होतं. मी गाडीच्या दीड तास आधी स्टेशनवर जाऊन उभी राहिले. मुलगी उतरली, तिची निळी बॅग मी हातात घेतली आणि फलाटावर सगळ्यांदेखत रडले. ती बिचारी घाबरून गेली.

पुढच्या रविवारी मी खोकं घेऊन पौडला गेले. हमीदाबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. "कोपरा फाटलाय की. दोन वरसं सांबाळता आलं न्हाई?" असं म्हणून त्यांनी नवं खोकं काढलं, पत्रं त्यात लावली, झाकणावर माझं नाव लिहिलं आणि फळीवर ठेवून दिलं. मग म्हणाल्या, "जेवून जा."

त्यानंतर आमच्या तुकडीचा मेळावा पौडलाच भरू लागला, आजही भरतो. दुकान आता त्यांची सून बघते. जवळच्या उरवड्याच्या कारखान्यांत जाणाऱ्या मुली तिथे थांबून कानातली घेतात. आमच्या नातींनी मोबाईलवर गट करून दिला आहे, तरी महत्त्वाची बातमी कुणीही आधी पौडलाच कळवते. आमच्यातल्या काही जणी आता नाहीत. त्यांची खोकी फळीवरून काढलेली नाहीत. संघाचा सदस्यत्वाचा अर्ज मात्र हमीदाबाईंनी आजतागायत भरलेला नाही. हा ग्रंथ संघाने काढला आहे, आणि तो संघाच्या सदस्य नसलेल्या बाईंवर आहे, याची नोंद माझ्यासारख्या नियमाच्या माणसाने केलीच पाहिजे.

गेल्या महिन्यात मी त्यांना विचारलं, गौरवग्रंथात हे सगळं लिहू का, की चांगलं तेवढंच लिहू? त्या लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "सगळं लिव्ह. मला बोलावलं न्हाईस ते लिव्ह, नि मी दोन वरसं राग धरला ते बी लिव्ह. न्हाईतर लोकांना वाटंल, मी लई चांगली बाई हाय."

म्हणून लिहिलं. हमीदाबाईंचे गुडघे दुखायचे थांबोत, डोळ्यांना कार्डावरची बारीक अक्षरं दिसत राहोत, आणि आम्हा सगळ्याजणींच्या नंतरही त्या पुष्कळ वर्षं असोत. आमच्या हातून अजून चुका होणार आहेत. तेव्हा आमच्यावर रागवायला त्या हव्या आहेत.