नवा पेला

काळी द्राक्षं उकळल्याचा वास आला की मला अजून माझीच किळस येते. नव्वदच्या दशकात, नाशिकच्या आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून घ्यायचा, द्राक्षरस मीच करायचे, मीच वाटायचे; सगळे एकाच प्याल्यातून घ्यायचे. एका रविवारी दवाखान्यात झाडू मारणारी बाई बाप्तिस्म्यानंतर पहिल्यांदा रांगेत उभी राहिली. कमिटीतले एक काका माझ्या कानाशी लागले, "तिला वेगळा पेला दे. लोक नाराज होतील." कोणाचं मन मोडणं मला कधी जमलंच नाही. "बरं, काका," म्हणत मी स्टीलचा कोरा पेला भरून तिच्यापुढे धरला. ती हरखली. "माझ्यासाठी नवा काढला, ताई? लय उपकार!" मी निर्लज्जासारखी गोड हसले, मानही डोलावली. त्या दिवशी सगळेच माझ्यावर खूश होते. क्रूसाकडे बघायची तेवढी माझी हिंमत झाली नाही. अजूनही होत नाही.