आज तुझ्यासाठी कोण उठलं?

धुळ्याच्या आमच्या चर्चमधल्या संडे स्कूलमध्ये हजेरीला 'हजर' म्हणायची सोयच नव्हती. बाई नाव पुकारायच्या, चष्म्यावरून बघायच्या आणि विचारायच्या, "आज तुझ्यासाठी कोण उठलं?" मग उभं राहून सांगायचं. आई उठली, तिनं पाणी तापवलं. आजी उठली, तिनं फ्रॉकचं बटण टाचलं. नुसतं 'आई' म्हणून भागत नसे, तिनं काय केलं तेही सांगावं लागे. मग बाई रजिस्टरच्या रकान्यात ते नाव लिहीत आणि पुढच्या पोराकडे वळत. गल्लीतल्या पोरांनी त्यांचं नावच 'कोणउठलंबाई' ठेवलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं, आणि माझ्या मते आवडतही होतं.

आठवडाभर त्या नगरपालिकेच्या शाळेत शिकवत. लग्न केलेलं नव्हतं. सुती पातळ, हातात घड्याळ, आणि एक लेडीज सायकल, जिची घंटी वाजत नसे म्हणून बाईच तोंडानं "बाजूला, बाजूला" म्हणत जात. ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास धुळ्यात सायकलवरची बाई म्हणजे लोक वळून बघत. बघोत बापडे. आमच्या बाईंनी कधी मान खाली घातली नाही.

शिकवण मात्र साधी. "'आईबापाचा मान राख' ही पाचवी आज्ञा घडाघडा म्हणता," त्या म्हणत, "आणि घरातून हाक आली की पाचव्या हाकेला ओ देता. देवबापाला काय ऐकू येत नाही वाटतं?" दर रविवारी गृहपाठ असायचा: या आठवड्यात न सांगता घरातलं एक काम करायचं. एका मुलानं आईसाठी चहा करताना बोट भाजून घेतलं. त्याची आई तणतणत चर्चच्या दारात आली. बाई शांतपणे म्हणाल्या, "बोटावर फुंकर घाला, आणि चहा प्यायलात ना? मग झालं तर." ती पोराच्या बोटावर फुंकर घालतच घरी गेली.

या हजेरीत माझी पंचाईत होती. मी आठ वर्षांची असताना आई गेली. वर्षभरानं वडिलांनी भडगावकडच्या एका खेड्यातली बायको केली. ती अहिराणी बोलायची, मोठ्या कुंकवाएवढं गोंदण कपाळावर, आणि माझ्यामागं सारखी "जेवी ले, जेवी ले". वडील म्हणाले, हिला माय म्हण. मी तिला काहीच म्हणत नसे. काही हवं असलं की जवळ जाऊन खोकायचं. तीही बिचारी खोकला ऐकून वळायची. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

तर बाईंनी विचारलं की मी ताठ उभी राहून सांगायची, "कोणी नाही. मीच उठले." शुद्ध थाप होती. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, तेल लावून घातलेल्या दोन वेण्या, इस्त्रीऐवजी गादीखाली दाबलेला फ्रॉक, सगळं तिचंच. बाई माझ्याकडे बघत, रजिस्टरात मान घालत आणि पुढचं नाव पुकारत. मला वाटायचं, लिहिलं असेल 'स्वतः'. एकदाच फक्त त्या जाता जाता म्हणाल्या, "मागचा भांग छान पडलाय हो. स्वतःच्या हातानं इतका सरळ पडत नाही." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मे महिन्यात आमच्याकडे मातृदिनाचा रविवार असे. रीत जुनी, गोऱ्या पाद्र्यांच्या काळातली: ज्याची आई आहे त्यानं छातीवर लाल फूल लावायचं, नाही त्यानं पांढरं. कंपाउंडात लाल गुलमोहर पेटलेला, आणि भिंतीशी पांढरा चाफा. बाई दारात टोपली घेऊन उभ्या होत्या. मी मुद्दाम हात पुढं केला आणि मोठ्यानं म्हणाले, "पांढरं." मागं ती उभी होती, नवं लुगडं नेसून. तिला रीत माहीत नव्हती. तिनं शेजारणीला विचारलं, शेजारणीनं कानात सांगितलं. बाईंनी ते पाहिलं. पण मागं रांग होती, घंटा झाली होती. त्यांनी माझ्या फ्रॉकला चाफा टाचला.

घरी आल्यावर मला वाटलं, आता बोलणी बसतील. तिनं फक्त पिन काढली, वाटीत पाणी घेतलं आणि चाफा माझ्या आईच्या फोटोपुढं ठेवला. "तुन्ही मायनं फूल शे," म्हणाली, "पानीमा राहू दे, नहीतर सुकी जाई." आणि चुलीपुढं जाऊन माझ्याकडे पाठ करून बसली.

त्याच दुपारी, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं अशा उन्हात, बाईंची सायकल आमच्या दाराशी थांबली. पाणीसुद्धा न पिता त्यांनी तिच्यापुढं हात जोडले. "चूक माझी आहे, ताई. एका लेकराला दोन आया असू शकतात, हे फुलं वाटताना माझ्या ध्यानात आलं नाही. शिकवणारी मी, आणि मीच चुकले." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझीही माफी मागते." मोठ्या माणसानं लहानाची माफी मागितलेली मी तोवर पाहिली नव्हती. वडील उठून उभेच राहिले.

पुढच्या वर्षी बाईंनी रीतच बदलली. दोन्ही फुलं एकाच टोपलीत, ज्यानं त्यानं आपल्याला वाढवणाऱ्यांची हवी तितकी घ्यावीत. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळीतले एक आबा रागावले, "रीत मोडू नका." बाई म्हणाल्या, "रीत राहील आबा, पण पोरं रडवून नाही." त्या दिवशी मी चाफा घेतला आणि गुलमोहरही घेतला. गुलमोहर बाकांमधून चालत जाऊन तिच्या हातात दिला. तिनं तो शेजारणीला दाखवला, "हाई मन्ही पोर शे." हजेरीला मी म्हणाले, "माय उठली. तिनं वेणी घातली." बाईंनी लिहिलं, आणि चष्मा काढून उगाच पुसत बसल्या.

निवृत्त झाल्यावर बाई जळगावला, पिंप्राळ्यात भाच्याकडे राहायला गेल्या. मी नर्स झाले, तेव्हा त्यांचं पत्र आलं, त्यात अभिनंदनाआधी प्रश्न होता, डबा कोण करून देतं? नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्या गेल्या. प्रार्थनेला आम्ही धुळ्याहून एसटी भरून गेलो होतो. केस पांढरे व्हायला लागलेली माणसं भाचेसुनेला सांगत होती, आम्ही बाईंची मुलं. माझ्या आयुष्यात मी इतकी ताठ मान करून दुसरं काही सांगितलेलं नाही.

निघताना भाचेसुनेनं ट्रंकेतलं जुनं रजिस्टर माझ्या हातात ठेवलं. घरी येऊन मी माझ्या नावाची ओळ काढली. 'स्वतः' कुठंच नव्हतं. ज्या ज्या रविवारी मी थाप मारली होती, तो तो रकाना बाईंनी कोरा ठेवला होता. मी खरं सांगेपर्यंत त्यांनी वाट पाहिली होती, आणि नंतरही माझ्यासाठी स्वतः काही भरलं नव्हतं.

मी पेन घेतलं आणि एकेक कोरा रकाना भरू लागले. माय शेजारी मेथी निवडत होती. तिला वाचता येत नाही.

"काय लिखी ऱ्हायनी?" तिनं विचारलं.

"हजेरी," मी म्हणाले. "तुन्ही हजेरी, माय."