देवीदासभाऊंनी पास केलेली मशीन

देवीदासभाऊंची मला किळस येते, हे आधीच सांगून टाकते.

आमगावातल्या आमच्या खासगी लॅबमधले ते सर्वांत जुने टेक्निशियन. मी, रचना, त्यांच्या हाताखाली काम करते. कोणतीही नवी मशीन आली की ती पास करून टाकायची, यातच त्यांची हयात गेली. त्यामुळे कंपनीची माणसं त्यांना डोक्यावर घेऊन नाचतात.

यंदा थायरॉइडची ऑटोमॅटिक मशीन आली. जुनी काढण्याआधी काही दिवस एकच रक्त दोन्हींवर लावायचं आणि आकडे जुळतात का ते पाहायचं, असा नियम आहे. त्यातही ज्यांचा थायरॉइड बिघडलाय त्यांचं रक्त लावायलाच हवं. नाहीतर मशीन कुठे चुकते ते कळणार कसं?

पण देवीदासभाऊंना बोहनी करायची होती, किराणा दुकानात करतात तशी.

"पयलं रक्त निरोगी मानसाचं पायजे," ते म्हणाले. "बोहनी बिघडली का मशीन साथ देत नाई."

नारळ फुटला, मशीनला कुंकू लागलं. मग माझं रक्त लागलं, झाडूवाल्या बाईचं लागलं, भाऊंच्या साळ्याचं लागलं. सगळे ठणठणीत, त्यामुळे आकडेही मस्त जुळले. भाऊ इतके खूश झाले की ती बोहनी संपेचना. रोज कोणीतरी निरोगी पाहुणा पकडून आणायचे.

शेवटी मीच अनुसयाबाईंच्या रक्ताची ट्यूब दोन्ही मशीनवर लावली. धानाच्या रोवणीला मजुरीवर जाणारी ही बाई. थायरॉइडची गोळी रोज घेते, तरी तोंड सुजलेलं आणि आवाज घोगरा. जुन्या मशीनने टीएसएच खूप वाढलेला दाखवला, म्हणजे गोळी कमी पडत होती. नवी मशीन म्हणाली, नॉर्मल.

"सँपल खराब हाये," देवीदासभाऊ म्हणाले.

"मंग जुनीवर कसं चाललं?"

"तू लय इचारून राहिली." आणि ट्यूब गेली कचऱ्यात.

त्यानंतर जे जे रक्त जुळलं नाही ते ते खराब ठरलं. लॅबच्या डॉक्टरसाहेबांनी कानाला फोन लावूनच सही केली. "मैच हो गया ना? बस." कंपनीच्या माणसाने पेढे आणले. रक्ताच्या ट्यूबांशेजारी डबा उघडून, हातमोजा न काढता देवीदासभाऊंनी दोन पेढे तोंडात कोंबले.

पुढे अनुसयाबाईंचा रिपोर्ट दर खेपेला नव्या मशीनवरूनच निघाला आणि दर खेपेला नॉर्मलच निघाला. त्यांच्या गावच्या डॉक्टरांनी गोळी होती तेवढीच ठेवली. बाई मात्र आणखीच सुजत आणि थकत गेली. आता लॅबच्या पायऱ्या चढता चढता मधेच बसून घ्यायची. मी भाऊंना म्हटलं तर म्हणाले, "उमर झाली तिची."

परवा दुपारी आत गेले तर एरवी कापडाखाली झाकलेली जुनी मशीन चालू होती. ती न्यायला कंपनीची गाडी अजून आली नव्हती. देवीदासभाऊ माझ्याकडे पाठ करून उभे. ट्यूबवर नाव होतं सुमनबाई, म्हणजे त्यांची बायको. तिलाही थायरॉइड आहे.

"हे काऊन?" मी विचारलं.

"नवीवर नार्मल आलं. पण घरचं हाये ना, एकदा जुनीवर पाहून घेतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अनुसयाबाई त्या वेळी बाहेर बाकावरच बसल्या होत्या. त्यांची नुकतीच काढलेली ट्यूब मी सुमनबाईंच्या ट्यूबशेजारी ठेवून दिली. दोघींचे आकडे वाढलेले आले, अनुसयाबाईंचा तर फारच. मशीनमधून निघालेली बायकोची चिठ्ठी भाऊंनी घडी करून खिशात घातली.

"ते दुसरी फाडून टाक," ते म्हणाले. "पास झालेल्या मशीनले आता नाट नको लावू."

मी चिठ्ठी घेऊन बाहेर आले. बाकं भरलेली होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "अनुसयाबाई, भाऊंनी आपल्या बायकोचं रक्त जुन्या मशीनवर लावलं. मी तुमचंही तिथंच लावलं. तुमचा थायरॉइड नार्मल नाई, गोळी कमी पडून राहिली. हा कागद डॉक्टरले दाखवा."

मग कोहमाऱ्याहून आलेल्या एका म्हाताऱ्याने बाही वर सरकवली. "मंग माह्यं बी जुनीवरच लाव, पोरी." त्याच्यामागे बाकावरचे सगळेच उठले आणि काउंटरला येऊन भिडले.

देवीदासभाऊ धावत बाहेर आले. त्या गर्दीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. माझ्यावरच डोळे वटारले.

"घरची गोष्ट चारचौघांत सांगते?" ते म्हणाले. "लाज नाई वाटत तुले?"