पहिलं खोडलेलं नाव

माझ्या लग्नाच्या यादीला कात्री लावायची होती आणि पेन माझ्या हातात होतं, त्यामुळे मी भलतीच खुशीत होते. बदलापूरचा हॉल लहान, म्हणजे कारणही तयार. पहिल्या फटक्यात गावातल्या चुलत आत्याचं नाव खोडलं. साखरपुड्यात ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "पोराने हिच्यात काय पाहिलं?"

आई शांतपणे म्हणाली, "खोड. मग हळदीला धवले कोण गाणार?"

ही लग्नाची गाणी गायल्याशिवाय आमच्याकडे हळद लागत नाही, आणि ती पाठ असलेली पालेगावात आत्या एकटीच उरली आहे. चरफडत मी तिचं नाव खाली पुन्हा लिहिलं.

तेवढ्यात आत्याच आली. खोडलेलं आणि न खोडलेलं, दोन्ही वाचून म्हणाली, "माझं नाव दोनदा? बरं, मग दोन दिवस आधीच येते."